बुढीची शेकाची पेटी

आमच्या घरी मायक्रोवेव्ह आला तो बोंडअळीच्या कृपेनं. कोणाला खोटं वाटेल म्हणून आधी तेच सांगतो.

वरवट बकालपासून पायी तासाभरावर माझं गाव. जमीन काळी, भारी. काय पेरायचं हे ठरवायला आता डोकं लागत नाही. सगळा गाव बीटी कापूस लावतो, मीही लावतो. बीटी नवीन आली तेव्हा बियाण्याचा दुकानदार म्हणाला होता, "काका, आता अळी तुमच्या धुऱ्यावरूनच वापस जाईन." काही वर्षं ती खरंच वापस गेली. मग तीही काहीतरी शिकली असावी. एका साली मी हिरवं बोंड फोडलं, तर आत गुलाबी अळी अशी पसरून झोपलेली, जणू वावराचा सातबारा तिच्याच नावावर आहे.

मी अर्धं पोतं सडकी बोंडं दुकानदाराच्या काउंटरवर नेऊन ओतली. त्याला म्हटलं, "मले तुझं काही नको. तू फक्त तोंडानं म्हण, चुकलं. बियाणं खराब निघालं. तेवढं म्हण, मी उठून जातो."

त्याला वाटलं मी थट्टा करतो. मी दुपारपर्यंत बसून राहिलो. तो चहा पाजत होता, पाणी पाजत होता, पण ते दोन शब्द काही त्याच्या तोंडातून निघाले नाहीत. शेवटी त्यानं मला तक्रारीचा कागद भरून दिला. मग पाहणीला तीन साहेब आले. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाखाली उभे राहून त्यांनी वावर पाहिलं आणि लिहिलं की बियाण्यात दोष नाही, फवारणी वेळेवर झाली नाही, चूक वापरणाऱ्याची आहे. मी चौथी शिकलो. तेवढं वाचता येतं. मी सही केली नाही. आमच्या गावात त्या कागदावर सही न केलेला मी एकटा. त्यानं कोणाचं काही अडलं नाही ही गोष्ट वेगळी.

पुढच्या साली बियाणं घ्यायला मी कुठं गेलो? त्याच दुकानात. दुसऱ्या दुकानांत पाकिटावरचं चित्र तेवढं वेगळं होतं. त्या वर्षी दर पाकिटामागं एक कुपन होतं आणि दसऱ्याला सोडत. मी कुपनं तिथंच फाडायला निघालो होतो. आमची बुढी, म्हणजे माझी बायको, सोबत होती. तिनं माझ्या हातातून ती काढून घेतली आणि दुकानदाराला म्हणाली, "माह्या नावानं भर रे बापू. यायच्या नावानं भरशीन तर हे चिठ्ठीशीबी भांडतीन."

पहिलं बक्षीस मोटारसायकल, ती दुकानदाराच्या साळ्याला लागली. तिसरं बक्षीस, हा मायक्रोवेव्ह, आमच्या बुढीला.

महिनाभर मी त्या मशीनमध्ये तापवलेलं काही खाल्लं नाही. म्हटलं, अळीच्या घरचं मी खात नाही. ती म्हणे, "नका खाऊ. थंडं खा." आणि मी थंडं खात होतो, कारण माणूस एकदा बोलला की बोलला.

पण ते मशीन काही भाजी तापवायला तिला नको होतं. तिच्या हाताची बोटं सकाळी मिटलेली असतात. पन्नासेक वर्षं तिनं कापूस वेचला. वेचणीला तीन बोटं लागतात, आणि बोंडाच्या पाकळ्यांची टोकं वाळली की सुईसारखी होतात. तीच तीन बोटं आधी वाकली, बाकीची त्यांच्या मागं गेली. सकाळी उठल्यावर तिला लुगड्याचा काष्टा धरता येत नाही. डॉक्टर म्हणाला, शेका. चुलीपाशी बसली की धुरानं खोकला; गॅस पेटवायचा तर लायटर दाबायला बोटं पाहिजेत, आणि बोटं उघडायला आधी शेक पाहिजे. असा तो घोळ होता.

या मशीनला एक गोल बटन होतं. ते तिला मनगटानं फिरवता येई. तिनं जुन्या धोतराची पुरचुंडी शिवून घेतली, तीत ज्वारी भरली. सकाळी पुरचुंडी आत ठेवायची, मनगटानं बटन दोनवर आणायचं, घंटी वाजली की काढून दोन्ही हातांत धरून बसायचं. पाच-दहा मिनिटांत बोटं सुटत. मग ती घरची मालकीण. ती त्याला मायक्रोवेव्ह म्हणत नसे, शेकाची पेटी म्हणे. एकदा शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "यायच्या वावरातून इतक्या वर्षांत माह्यासाठी आलेली ही एकच वस्तू."

मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता ज्या सालची गोष्ट सांगायची आहे त्या साली ऐन वेचणीत पाऊस आला. कापूस घरात आणला तो ओलसर. खरेदी केंद्रावर बैलबंडी नेली. ग्रेडर म्हणजे मिसरूड फुटलेला पोरगा, गळ्यात ओळखपत्र. त्यानं एक मशीन काढलं, त्याला दोन लांब दात, ते कापसात खुपसले आणि म्हणाला, "आजोबा, ओलावा लय आहे. वाळवून आणा."

मी कापसातली एक सरकी तोंडात टाकली आणि त्याच्या कानापाशी जाऊन दातानं फोडली. वाळली सरकी कट्‌ करून फुटते, ओली असली तर दबते. माझ्या बापानं मला असाच कापूस पारखायला शिकवला. म्हटलं, "ऐकलं? कट्‌ वाजली."

तो म्हणाला, "वाजली. पण मले तुमच्या दाताची पावती फाडता येत नाही."

मागच्या बंडीवाले हसले. मी बंडी वळवली. खरं सांगायचं तर ती सरकी कट्‌ वाजली नव्हती. थोडी दबली होती.

घरी आलो तर आभाळ भरलेलं. कापूस घरभर. कापसाच्या खोलीत जाऊन आलं की अंगाला खाज सुटे. बुढी तेव्हा लेकीकडं, घाटावर बुलढाण्याला आठ दिवसांसाठी गेलेली. पुरचुंडी सोबत नेली होती. तिथं लेक तव्यावर तापवून देई. मी घरात एकटा, ऊन नाही, आणि ओट्यावर ती पेटी.

माझा विचार असा झाला: ग्रेडर दात खुपसतो वरच्या थरात. बंडीचा वरचा हातभर थर वाळला की झालं. कोणी म्हणेल ही फसवणूक आहे. मी म्हणतो, फसवणूक कशाची? खालचाही कापूस वाळणारच होता, फक्त उशिरा.

मग मी दिवसभर कापूस शेकला. दोन ओंजळी आत, बटन पाचवर, घंटी, बाहेर. परत दोन ओंजळी. आतला कापूस बाहेर येई तेव्हा गरम, फुगलेला, आणि खाली काचेच्या ताटलीवर वाफेचं पाणी. मला मोठी मजा वाटली. लाईन मधेच गेली की मी शिव्या देई, आली की सुरू. त्या साली पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, मावा पडलेला होता. कापसाला चिकटा होता, माझ्या हातांना चिकटा होता, त्याच हातानं मी बटन फिरवीत होतो. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. एका पोत्याच्या वर कापूस झाला असेल, आणि घंटी वाजायची बंद झाली.

मशीन चालूच. बटन एकाच्या अलीकडं येऊन बसलेलं, हलेना. आतून घर्रर्र. कापसातून धुराची बारीक रेघ निघाली. दार उघडलं तर मशीन थांबलं. कापूस काढून बाहेर पाण्याच्या टाक्यात टाकला. दार लावलं, मशीन सुरू. आत काही नाही, तरी सुरू. उघडलं, बंद. लावलं, सुरू. मी बटन हातानं मागं फिरवून पाहिलं. फिरेना. तेव्हा मी पक्कड आणली. बटन पक्कडीनं धरून मुरगळलं. आत काहीतरी कट्‌ वाजलं. चांगलं, सुकं कट्‌. पण मशीन बंद झालं नाही. शेवटी बोर्डातली पिन उपटली.

बसून विचार केला. आम्ही लोकांनी आयुष्यभर मोटारीशी असंच केलं आहे. विहिरीवर लाईन कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून स्टार्टरचं हिरवं बटन दाबून त्याच्या फटीत पऱ्हाटीची काडी ठोकून ठेवायची. लाईन आली की मोटार आपली आपण सुरू. तिथं माणूस नसला तरी चालते. कधी विहीर उपसून कोरडी होते तरी चालते. मग मोटार जळते, आणि मग आपण म्हणतो व्होल्टेजनं गेली. किंवा स्टार्टरमधले पॉइंट चिकटतात, ते काचकागदानं घासले की सुटतात. मला वाटलं, याचंही तसंच असेल. पॉइंट घासले की झालं. बुढी दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं येणार होती. तेवढ्यात करून टाकू.

सकाळी मी पाठीमागचे दोन स्क्रू काढले. तिसरा वेगळ्याच आकाराचा निघाला, माझा पेचकस बसेना. त्या स्क्रूनं माझा जीव वाचवला हे मला मागाहून कळलं. मशीन कापसाच्या चवाळ्यात गुंडाळलं, म्हणजे ज्या तरटात आम्ही कापूस बांधतो त्यात, आणि काळीपिवळी जीपमध्ये मांडीवर घेऊन वरवट बकालला मोटार वायंडिंगवाल्या मिस्त्रीकडं गेलो.

हा मिस्त्री मुसलमान, माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान. माझी मोटार त्यानं चार वेळा बांधली आहे, आणि चारही वेळा मी त्याला सांगितलं की व्होल्टेजनं गेली. त्याचीही दोन एकर पऱ्हाटी आहे.

"क्या लाए काका? बाळ घेऊन आल्यावानी दिसून राह्यले."

"बंद होत नाई. पॉइंट चिकटले असतीन. घासून दे."

त्यानं चवाळं सोडलं, मशीन उलटंसुलटं केलं, वास घेतला. "कधीपासून?"

"आपोआप. काल."

"काय तापवून राह्यले होते?"

"दूध."

त्याच्याजवळ त्या स्क्रूचा पेचकस होता. झाकण निघालं तसा मी माझा पेचकस घेऊन आत वाकलो. पॉइंट कुठं दिसतात ते पाहावं म्हणून. त्यानं माझ्या मनगटावर अशी चापट मारली की पेचकस रस्त्यावर गेला. साठीनंतर मला कोणी मारलं नव्हतं.

"हात घालाचा नाई," तो म्हणाला. "पिन काढली तरी यात करंट बसून राह्यते. तो डबा दिसते ना, तो. माणूस जाग्यावर जाते काका. मोटारीत तसं नसते."

मग त्यानं लाकडी मुठीच्या पेचकसानं तिथं काहीतरी केलं, फट्‌ असा आवाज आला, आणि म्हणाला, "आता पाहा."

मी लांबूनच पाहिलं.

"हा कापूस?" त्यानं विचारलं. आत कोपऱ्याकोपऱ्यात कापसाचे तंतू होते.

"चवाळ्याचा असन. चवाळ्यात आणलं ना."

"हाव. असन." त्यानं समोरचं गोल बटन ओढून काढलं. त्याच्या दांडीभोवती चिकट कापूस असा घट्ट गुंडाळला गेला होता, जसं चातीवर सूत. त्यानं चिमट्यानं तो उलगडत नेला. बोटभर लांब, मग हातभर. शेवटी आतून एक अख्खी सरकी टपकन काउंटरवर पडली. त्यानं ती उचलली, दाताखाली धरली आणि फोडली.

"कट्‌ वाजली," तो म्हणाला. "चांगली वाळली. केंद्रावर कितीक ओलावा सांगत होते?"

मी त्याला सगळं सांगून टाकलं, बुढीच्या पुरचुंडीसकट. सांगण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. तो हसला नाही. तो म्हणाला, "वरचा थर ना? मी मागच्या साली टेबलफॅन लावला होता. त्या पोट्ट्यानं मशीनचे दात पार मधात घातले."

"वापस केला?"

"पुरी बंडी."

थोडा वेळ आम्ही दोघंही ग्रेडरच्या खानदानाबद्दल बोललो. मग तो मूळ मुद्द्यावर आला. कापूस काढला तरी काम झालं नव्हतं. बटनामागं घड्याळासारखं चाक असतं, त्याचे दोन दात तुटले होते.

"पक्कड लावली होती?"

"थोडीशी."

"थोडीशी," तो म्हणाला. "हे चाक आता भेटत नाई. बसवून देतो, चालन. पण कधी शून्यावर येईन, कधी मधातच अडकन. अडकलं की बोर्डावरूनच बंद कराचं. एकट्या माणसानं लावून सोडून द्यायचं नाई. ज्वारीची पुरचुंडी लय वेळ राह्यली तर आतून जळते, बाहेरून समजतबी नाई."

मी म्हटलं, "बुढी हातानं खटका दाबू शकत नाई."

"मग माणूस लागन."

त्यानं झाकण लावलं, चवाळ्यात बांधून दिलं. मी निघालो तर मागून म्हणाला, "काका, काकूले सांगा व्होल्टेजनं गेलं. मी अर्ध्या तालुक्याले तेच सांगतो. व्होल्टेज काही भांडाले येत नाई."

सल्ला चांगला होता. काळीपिवळीत बसून मी तो घोकत आलो. व्होल्टेजवर कोणाचा विश्वास बसणार नाही असं आमच्या भागात घरच नाही. आणि मी कधी कोणाला 'चुकलं' म्हटलेलं नाही. बापाला नाही, मास्तरला नाही. मास्तरला म्हटलं असतं तर पाचवी झाली असती. बुढीला म्हणायचा प्रश्नच आला नव्हता, कारण घरात चूक झाली की ती कोणाची हे आमच्याकडं आधीच ठरलेलं असे.

घरी येऊन मी मशीन ओट्यावर ठेवलं, पुसलं, त्यावर तिचं कापड नीट अंथरलं. कापसाची पोती खोलीत सरकवली. ओटा झाडला. इतका झाडला की तिला संशय यावा.

ती दुपारी आली. पिशवी ठेवली, पाणी प्याली, आणि नाक वर केलं.

"वास कशाचा येते?"

"कशाचा?"

"सरकी भाजल्यावानी."

"खोलीत कापूस आहे ना."

"कापूस मीबी पाह्यला जिंदगीभर," ती म्हणाली. ओट्यापाशी गेली. कापड उचललं. दार उघडून आत पाहिलं, वास घेतला, दार लावलं. बटन मनगटानं फिरवलं. ते फिरलं, पण पहिल्यासारखं नाही. मधे खर्र वाजलं. तिनं परत फिरवलं. परत खर्र.

तिचा चेहरा पडला. मला वाटलं होतं ती रागावेल. रागावली असती तर मी तिच्यापेक्षा मोठ्यानं रागावलो असतो आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. ती नुसती बटनाकडं पाहत राहिली. मग स्वतःच म्हणाली, "लाईननं गेली असन. आठ दिवस बंद होती, पिन तशीच राह्यली असन बोर्डात. मीच काढून जाले पाहिजे होती."

म्हणजे पाहा. व्होल्टेजचं नाव मला घ्यावंच लागलं नाही. तिनं ते आणून माझ्या हातात ठेवलं, आणि वर चूकही आपल्या अंगावर घेतली. मी नुसतं "हाव" म्हटलं असतं तरी चाललं असतं. हाव म्हणायला दातही लागत नाहीत.

तोंड उघडलं आणि मला ते तीन साहेब निंबाखाली उभे दिसले. त्यांच्यातल्या एकानं टोपी भुवयांपर्यंत ओढली होती, उन्हासाठी. वावरात पाय न घालता तो लिहीत होता. मला त्या माणसाचा इतका राग आहे की आजही बोंड फोडलं की त्याची आठवण येते.

"लाईन नाई," मी म्हटलं. "मी बिघडवली."

"कशी?"

"कापूस वाळवला तीत."

"किती?"

"पोतंभर. वर पक्कड लावली."

ती बरंच काही बोलेल म्हणून मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. ती म्हणाली, "काऊन?"

मी तिला ग्रेडरचं सांगितलं, त्याच्या मशीनचे दात, वरचा थर, सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे चुकलं ना तुमचं?"

"सांगितलं ना, मी बिघडवली."

"ते सांगितलं. चुकलं का?"

दुकानदार त्या दिवशी इतका वेळ का चहा पाजत होता हे मला तेव्हा समजलं. तो शब्द घशात खरंच अडकतो. मी म्हटलं, "हाव. चुकलं."

ती खाली बसली, पिशवी सोडली, लेकीनं दिलेला चिवडा माझ्यासमोर ठेवला. "इतलं बोलाले तुम्हाले म्हातारपण यावं लागलं," ती म्हणाली. "खा. थंडाच आहे."

दोन दिवसांनी ऊन पडलं. फुकटचं ऊन, आणि असं कडक, की अंगणात पसरलेला सगळा कापूस, वरचा थर, खालचा थर, संध्याकाळपर्यंत खुळखुळ वाजायला लागला. मी बंडी केंद्रावर नेली. त्या पोराचं मशीन पार मधात गेलं आणि त्यानं मान हलवली. मी सरकी फोडून दाखवायला गेलो नाही. वरचा शेकलेला पोतंभर कापूस तेवढा पिवळट पडला होता. तो त्यानं वेगळा काढायला लावला. तो आता आमच्या उशांमध्ये आहे.

तेव्हापासून सकाळचं माझं एक काम वाढलं. ती पुरचुंडी आत ठेवते, मनगटानं बटन दोनवर आणते, आणि मी बोर्डाच्या खटक्यावर बोट ठेवून उभा राहतो. बटन शून्यावर आलं तर ठीक, अडकलं तर मी बंद करतो. घड्याळ मला वाचता येतं, पण ती मला घड्याळ पाहू देत नाही. तिचा भरवसा तिच्या मोजण्यावर. ओट्याला टेकून ती तोंडातल्या तोंडात आकडे मोजते आणि म्हणते, "करा." मी करतो. मला कोणी 'करा' म्हटलं आणि मी तसंच केलं असं गावात कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण तिनंच सगळ्या गावाला सांगितलं आहे.

मधे सलग आठ-दहा दिवस ते बटन नीट चाललं. दर वेळी घंटी वाजली, आपोआप बंद. एक दिवस मी सहज म्हटलं, "आता सुधरलं दिसते. मी वावरात जातो."

तिचे हात पुरचुंडीभोवती होते. डाव्या हाताची बोटं सुटली होती, उजव्याची अजून नाही.

"सुधरलं असन," ती म्हणाली. "उभे राहत जा तरी."

मी चप्पल काढून परत आत आलो.